पट्ट्यांमधला कागद

रविवार

आत्याच्या रेडिओला आज आवाज आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्हकडचा आवाज स्पीकरला पोचवणारा) बसवणं म्हणजे चार तारा आणि दोन स्क्रू. वेळ खाल्ला तो मूळचा कशामुळे जळला, हे शोधण्यात.

लक्षण सरळ होतं. डायलचा दिवा लागायचा, व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) तापायचे, स्पीकर मात्र मुका. ईएल८४च्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या, काचेतून आत पाहिलं तर जाळीच्या तारा लालभडक. स्क्रीनवर, म्हणजे त्या जाळीवर, २४० व्होल्ट; प्लेटवर, जिला ट्रान्सफॉर्मरमधून वीज मिळते, शून्य. प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरचं व्हॉल्व्हकडचं वेटोळं) तुटली की प्लेट उपाशी राहते, करंट स्क्रीन ग्रिडकडे वळतो आणि ती भाजून निघते. तातडीने बंद केला. मीटर लावला, प्रायमरी ओपन.

इथेच थांबून नवा ट्रान्सफॉर्मर ठोकणारे बरेच पाहिलेत. त्यांचा रेडिओ काही महिन्यांत परत येतो. मी व्हॉल्व्ह उपसून, रेडिओ चालू करून कंट्रोल ग्रिडच्या (जिथे आवाजाचा सिग्नल येतो) पिनेवर मीटर धरला. तिथे काही असायला नको, होते ९ व्होल्ट! आधीच्या स्टेजकडून येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर गळत होता, म्हणजे डीसी अडवत नव्हता. ग्रिड पॉझिटिव्हकडे सरकली की व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, मग प्रायमरीची केसासारखी तार किती टिकणार? कंडेन्सर ६३० व्होल्टचा नवा टाकला. किंमत चहाएवढी.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तयार माल मिळेना. एकाने २३०ला ६ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर पुढे केला, "हाच लावा, रेशो तोच येतो." रेशो (दोन वेटोळ्यांतल्या व्होल्टचं प्रमाण) येतो खरा, साधारण ३८. पण त्यातल्या लोखंडी पट्ट्या (स्टॅम्पिंग) आलटूनपालटून रचलेल्या असतात, मध्ये फट नसते. रेडिओत व्हॉल्व्हचा डीसी कायम एकाच दिशेने वाहतो. फट नसली की लोखंड त्यानेच भरून जातं, खर्ज नाहीसा होतो, आवाज फाटतो. नको म्हटलं आणि जुन्याच पट्ट्यांवर रिवाइंड करायला दिला.

वाइंडिंगवाल्याला बजावलं, "दादा, ई आकाराच्या पट्ट्या सगळ्या एका बाजूला, आय आकाराच्या सगळ्या दुसऱ्या, फटीसाठी मध्ये हा कागद तसाच." तो हसला. "असं भरलं तर गुणगुणेल हो!" सवय मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरची, त्याचं काय चुकलं? शेवटी कागद बॉबिनला दोऱ्याने बांधूनच दिला.

काम मात्र सुरेख केलंय, वार्निशसकट. जोडण्याआधी प्रायमरीला व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटचे ६.३ व्होल्ट दिले, सेकंडरीवर (स्पीकरकडच्या वेटोळ्यावर) ०.१७ आले. म्हणजे रेशो ३७, त्याचा वर्ग गुणिले स्पीकरचे ४ ओहम, साधारण साडेपाच हजार ओहम, व्हॉल्व्हला दिसणारा भार. ईएल८४ला ५,२००च्या आसपास हवेत. चालतंय. (उलटं करून सेकंडरीला ६.३ देऊ नयेत, दुसऱ्या टोकाला २३० उभे राहतात.)

सिरीज बल्ब (काही चुकलं तर करंट आवरणारा) लावून चालू केला तर किंचाळायलाच लागला. फीडबॅक (आवाजाचा थोडा भाग मागच्या स्टेजला परत नेणारी जोडणी) सेकंडरीवरून घेतलेला, त्याची दिशा आधी कळत नाही. दोन तारांची अदलाबदल केली, शांत. ईएल८४च्या कॅथोडवर ७ व्होल्ट, तिथला रेझिस्टर १५० ओहमचा, म्हणजे ४७ मिलीअँपियर. अगदी हवे तेवढे. मग काटा ७९२ किलोहर्ट्झवर नेला आणि पुणे केंद्र लागलं, भरदार.

आत्याला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "विविध भारती लागते ना?" इथे ती एफएमवर आणि याला नुसते मीडियम आणि शॉर्ट वेव्ह. मागे ग्रामोफोनचं सॉकेट आहे, तिथे छोटा एफएम जोडता येईल. डबा कॅबिनेटबाहेर दिसला तर तिला खपायचं नाही. आत जागा आहे का, उद्या बघतो.