तुम्ही विचारलंत म्हणून: आवडता कोच कोण, तर स्टीव्ह कॉपेल

फुटबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला, तुझा आवडता कोच कोण? समोरच्याला अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नाहीतर पेप ग्वार्डिओला, अशी मोठी नावं ऐकायची असतात. मी स्टीव्ह कॉपेल सांगतो, कारण दणकून हरलेली टीम परत उभी करावी तर त्यानेच.

मूळचा लिव्हरपूलचा, युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स शिकत शिकत ट्रॅनमियर या छोट्या क्लबकडून खेळायचा. १९७५ ला मँचेस्टर युनायटेडने घेतला. राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणारा, सतत पळणारा, बॉल गेला की मागे येऊन फुलबॅकला, म्हणजे त्या कडेच्या डिफेंडरला, मदत करणारा. १९७७ ते १९८१ सलग २०७ लीग मॅचेस खेळला, एकही न चुकवता! आणि मग इंग्लंडकडून वेम्बलीवर हंगेरीविरुद्ध खेळताना एका टॅकलमध्ये गुडघा गेला, ८२ चा वर्ल्ड कप त्याच गुडघ्यावर खेळला, पण १९८३ मध्ये, २८ व्या वर्षी, खेळणंच सोडावं लागलं. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

पुढच्याच वर्षी तो क्रिस्टल पॅलेसचा मॅनेजर झाला. क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये, हातात पैसा नाही, इयन राइट या स्ट्रायकरला तर त्याने नॉन-लीगमधून, म्हणजे प्रोफेशनल लीगच्याही खालच्या क्लबमधून उचलला. १९८९ ला टीम वरच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये आली आणि सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ९-० ने हरली, लिव्हरपूलच्या आठ वेगवेगळ्या प्लेयर्सनी गोल केले. कॉपेलने काय केलं, तर नोव्हेंबरमध्ये नायजेल मार्टिन हा गोलकीपर दहा लाख पाउंडांना आणला, ब्रिटनमध्ये कीपरसाठी एवढी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती.

एप्रिल १९९०, एफए कप सेमीफायनल, समोर तेच लिव्हरपूल आणि राइट जखमी. एक्स्ट्रा टाइममध्ये ३-३ असताना पॅलेसला कॉर्नर मिळाला. अँडी थॉर्नने निअर पोस्टला, म्हणजे गोलच्या जवळच्या खांबापाशी, डोक्याने बॉल मागे सरकवला आणि मागून आलेल्या अ‍ॅलन पार्ड्यूने हेडर मारला, ४-३. अख्ख्या मॅचभर पॅलेसने लिव्हरपूलला फ्री किक आणि कॉर्नरवरच छळलं होतं, म्हणजे जिंकायचं कसं हे आधी बसून ठरवलेलं होतं, नशीब वगैरे नाही. फायनल मात्र युनायटेडने नेली, ती पण बरोबरीनंतर परत खेळवलेल्या मॅचमध्ये, रिप्लेत, १-० ने.

नंतर रेडिंग या क्लबला चॅम्पियनशिपमधून, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमधून, १०६ पॉइंट्स घेऊन प्रीमियर लीगमध्ये नेलं, तो तर चॅम्पियनशिपचा रेकॉर्ड.

आणि २०१६ मध्ये हा माणूस आपल्याकडे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये आला, केरला ब्लास्टर्सचा कोच म्हणून. अंधेरीला मुंबई सिटीने त्यांना ५-० धुतलं, फोर्लानची हॅटट्रिक. मुंबईवाले खूश, आणि का नसावेत! पण महिन्याभरात फायनलमध्ये कोण होतं, तर केरलाच, मुंबई सेमीलाच बाहेर. कोचीत ते पेनल्टीवर एटीकेकडून, म्हणजे कोलकात्याच्या टीमकडून हरले. कॉपेल मग जमशेदपूरच्या नव्याकोऱ्या टीमचा कोच झाला आणि त्यानंतर २०१८ मध्ये त्याला बोलावून घेतलं ते एटीकेनेच.