पऱ्हाटीचा धूर आणि आईची धाप

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावलकडे भरताच्या पार्ट्या सुरू होतात. बामणोदची वांगी आणि भाजायला कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वाळलेल्या काड्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे मीही मान्य करते. आमच्याकडे भाजायचं काम कायम आईचं. पन्नास माणसांची वांगी ती एकटी भाजायची. पदर नाकाला लावलेला, डोळ्यांतून पाणी, दुसऱ्या हाताने काडी सरकवणं चालू. वर रोजची चूल होतीच.

मागच्या वर्षी ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना तिला धाप लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. जळगावला डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि विचारलं, ‘‘विडी ओढता का?’’ तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. पुढचा प्रश्न होता, ‘‘चूल किती वर्षं?’’ सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा कायमचा आजार.

तेव्हापासून मी जमेल तसं वाचते आहे. धुरात ०.१ मायक्रॉनपेक्षाही बारीक कण असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. डिझेलच्या धुरातही हेच कण. ते फुप्फुसाच्या पार टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात, काही तिथून रक्तात उतरतात. म्हणून काळजी फक्त छातीची नाही, हृदयाचीही आहे. मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. पीएम २.५, म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, वजनावर मोजतात आणि या कणांना वजन जवळजवळ नसतंच. संख्येने अफाट, पण काट्यावर दिसत नाहीत. आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत त्यांच्यासाठी मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये मर्यादा न ठरवता सांगितलं की एका घनसेंटिमीटर हवेत २४ तासांची सरासरी १०,००० कणांच्या वर गेली तर ते प्रमाण जास्त समजावं.

विस्तवाजवळ हे कण सर्वांत दाट असतात, म्हणजे नेमके आई बसायची तिथे. पदर त्यांना अडवत नाही.

यंदा भरीत मळ्यात, उघड्यावर केलं. भावाने आणि मी आळीपाळीने वांगी भाजली, वाऱ्याची दिशा बघून उभं राहून. आईला लांब बाजेवर बसवलं. ‘‘मले काय धाड भरली वं, सारा जनम गेला धुरात,’’ म्हणत ती दोनदा उठली. दोन्ही वेळा मी हात धरून तिला परत बसवलं. मग तिथूनच ओरडत राहिली, ‘‘पलट आता, देठाकडून कच्चं राह्यलं!’’