हात धुऊन झाल्यावरची विनंती

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, मंगेशीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची छोटी शाकाहारी खाणावळ आहे. सोमवारी मंगेशाची पालखी असते, त्या दिवशी आणि श्रावणात आमच्याकडे बसायला जागा उरत नाही. असे असूनही पहिल्या तीन वर्षांत गूगलच्या नकाशावर आमच्या नावापुढे अवघे ११ अभिप्राय जमले होते आणि त्यांतल्या चौघांनी नुसते तारे देऊन एक शब्दही लिहिला नव्हता. अभिप्राय मागायचा असतो हे मला ठाऊक होते, परंतु जेवू घातलेल्या माणसाकडे वर कौतुकही मागायचे, ही कल्पना मनाला पटत नव्हती.

एका दुपारी सोलापूरकडचे एक कुटुंब फाटकापर्यंत आले, फोनमध्ये पाहून आपसांत काही बोलले आणि पुढे निघून गेले. "इथलं फारसं कोणी लिहिलेलं नाही," एवढे वाक्य माझ्या कानांवर पडले. गावातला माणूस तिंट्यावरच्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानदाराला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो आणि मग कुठे जेवायचे ते ठरवतो. परगावाहून आलेल्याला इथे विचारायला कोणीच नसते, म्हणून तो आधी जेवून गेलेल्या अनोळखी लोकांना विचारतो आणि आमच्याकडे जेवून गेलेले शेकडो लोक त्याच्याशी काहीच बोललेले नव्हते. ज्याला फार आवडले किंवा फार राग आला, तो कोणी न सांगताही लिहितो. समाधानाने जेवून गेलेला मधला मोठा वर्ग मात्र विचारल्याशिवाय लिहीत नाही. आपण कौतुक मागत नसून साक्ष मागत आहोत, हे त्या दिवशी मला समजले आणि माझा संकोच गेला.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असताना मायकल लुका यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला होता. येल्प या संकेतस्थळावरचे मानांकन एका ताऱ्याने वाढले की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. पण हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरता होता, साखळी उपाहारगृहांवर तो आढळला नाही. मोठ्या साखळीचे नाव लोकांना आधीच माहीत असते, आमच्यासारख्यांची ओळख मात्र इतरांच्या सांगण्यावरच उभी राहते. सिअ‍ॅटलचे आकडे फोंड्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, तरी त्यामागचे कारण मला पूर्ण पटते.

मागायचे ठरले, तरी कुठे आणि केव्हा मागायचे हे आम्ही चुकत चुकत शिकलो. गूगलवरील व्यवसायाच्या खात्यातून अभिप्रायाचा दुवा आणि क्यूआर कोड विनामूल्य मिळतो. तो छापून आम्ही प्रत्येक टेबलावर ठेवला आणि महिनाभरात एकानेही तो वापरला नाही, कारण आमच्याकडे लोक हाताने भात कालवून जेवतात आणि त्या हाताने कोणी फोनला स्पर्श करत नाही. मग तोच कोड गल्ल्यावर पैसे देण्याच्या कोडशेजारी लावला, तर लोक पैसे देण्यासाठी नेमका चुकीचा कोड स्कॅन करून गोंधळू लागले. शेवटी बिलाबरोबर देण्यासाठी वेगळी चिठ्ठी केली. हात धुऊन, बडीशेप घेऊन, अंगणातल्या बाकावर बाकीच्यांची वाट पाहत बसण्याची जी पाच मिनिटे असतात, ती लिहिण्यासाठी सर्वांत योग्य ठरली. आमच्या जुन्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंतींमुळे आत नेटवर्क नीट मिळत नाही, तेही अंगणात मिळते. मात्र कोणी लिहीत असेल, तर मी तिथे थांबत नाही. मालक समोर उभा असताना माणूस मोकळेपणाने लिहू शकत नाही. पुण्या-मुंबईचे जे गट व्हॉट्सअ‍ॅपवर आगाऊ सांगून येतात, त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी दुव्यासह एकच संदेश जातो आणि त्याची आठवण पुन्हा करून देत नाही.

चिठ्ठीवरचे शब्दही बदलावे लागले. आधी "कृपया पाच तारे द्या" असे छापायचे ठरत होते, ते मी थांबवले. आता तिथे एवढेच आहे: "आज काय जेवलात आणि काय कमी वाटले, ते लिहा." या प्रश्नामुळे "छान" या एका शब्दाऐवजी पूर्ण वाक्ये येऊ लागली. नाशिकच्या एका बाईंनी लिहिले की खतखते या मिश्र भाज्यांच्या पदार्थात मसाल्याची अख्खी तिरफळे असतात, ती चावू नयेत, बाजूला काढावीत. ही सूचना आम्ही पाहुण्यांना कधीच दिली नव्हती. आता वाढताना आवर्जून देतो.

याच सुमारास दोन सल्ले मिळाले. पाच तारे देणाऱ्याला सोलकढी फुकट द्यावी, असे एका परिचिताने सुचवले. शंभर अभिप्राय ठरावीक रकमेत आणून देणाराही एक जण दारात आला. दोघांनाही मी नकार दिला. सवलत किंवा फुकट वस्तूच्या बदल्यात अभिप्राय घेणे, मालकाने वा नोकरांनी स्वतःच लिहिणे आणि खूश दिसणाऱ्या गिऱ्हाइकांनाच निवडून विचारणे, हे सर्व गूगलच्या नियमांत निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक म्हणून आले असले, तरी त्याचा रोख खोट्या अभिप्रायांवरच आहे. आमच्या गल्ल्यावर बसणाऱ्या भाच्याने प्रेमापोटी लिहिलेला अभिप्राय मी त्यालाच काढायला लावला. त्याला वाईट वाटले, पण दुसऱ्यांची साक्ष मागायची असेल, तर घरच्याची त्यात मिसळता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

खूश दिसणाऱ्यांनाच न विचारता प्रत्येकाला चिठ्ठी दिली, की नाराजांचेही येते. नकाशावर आम्ही ४ वाजेपर्यंतची वेळ दिली होती आणि स्वयंपाकघर साडेतीनलाच बंद होत असे. उन्हातून आलेल्या एका वृद्ध दांपत्याला परत जावे लागले आणि त्यांच्या मुलाने एकच तारा दिला. मी रागाच्या भरात "जेवणाच्या वेळेत यावे" असे उत्तर लिहिले. रात्री ते पुन्हा वाचले तेव्हा मला फार लाज वाटली. मालकाचे उत्तर नंतर बदलता येते. मी क्षमा मागितली, नकाशावरची वेळ दुरुस्त केली आणि तसे उत्तरात नोंदवले. तो तारा आजही तिथे आहे आणि तो तसाच राहावा, असे मला वाटते.

सर्वांत अवघड गेले ते आपल्याच माणसांना मागणे. रोज एक वाजता जेवायला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी चिठ्ठी दिली, तेव्हा ते म्हणाले, "हांव दरदिसा हांगा जेवतां, आनी कितें बरोवपाचें?" (मी रोज इथे जेवतो, आणखी काय लिहायचे?) त्यांचे म्हणणे खरे होते, पण त्यांचे रोजचे येणे सोलापूरच्या माणसाला फोनवर दिसत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. मराठीत लिहिलेले चालते हेही सांगितले, कारण असे काही इंग्रजीतच लिहायचे असते, असा पुष्कळांचा समज आहे. पुढच्या रविवारी त्यांच्या नातवाने त्यांच्या फोनवर खाते उघडून दिले आणि सरांनी चार ओळी लिहिल्या. सोमवारी एकनंतर गेल्यास थांबावे लागते, आमटी घरच्यासारखी असते आणि लोणचे अलीकडे खारट लागते, असे त्यांत होते. तारे त्यांनी चार दिले. लोणच्याची ती बरणी आम्ही त्याच दिवशी बाजूला काढली आणि खाली तसे उत्तर लिहिले.