थकबाकी साठवायची की मोजायची?

आमच्या सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशोब ठेवणारे एक छोटे अ‍ॅप मी स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले, तेव्हा प्रत्येक सदनिकेच्या नोंदीत ‘थकबाकी’ हा आकडा साठवून ठेवण्याची चूक माझ्याच हातून झाली. एका सभासदाचा चेक वटला नाही म्हणून मी जमेच्या यादीतून ती रक्कम काढली. थकबाकीचा आकडा मात्र जागचा हलला नाही आणि पुढच्या बिलावर त्यांच्या नावापुढे शून्य छापले गेले. एकूण आकारणीतून जमा रक्कम वजा केली की जो आकडा मिळतो, तो वेगळा साठवण्याचे मुळात कारणच नव्हते. मी त्या जागी गणित करून मूल्य देणारी प्रॉपर्टी (नोंदीचा नाव दिलेला गुणधर्म) लिहिली. थकबाकीत मूल्य भरणाऱ्या चार ओळी गेल्या, पण ती वाचणारा कोड जसाच्या तसा चालला.

बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषा रचताना हाच आग्रह धरला होता: मूल्य साठवलेले आहे की मोजलेले, हे वापरणाऱ्याच्या लिखाणातून उघड होऊ नये. जावा भाषेत ही सोय नसल्याने, उद्या गरज पडेल या धास्तीने प्रत्येक फील्डला (मूल्य साठवणाऱ्या जागेला) आधीच गेटर आणि सेटर (मूल्य वाचून देणारे व बदलणारे छोटे फंक्शन) लावून ठेवण्याची रीत पडली. सी-शार्पमध्ये फील्ड आणि प्रॉपर्टी वाचताना सारखीच दिसतात, तरी सार्वजनिक फील्डची प्रॉपर्टी केली की त्यावर विसंबलेला कोड पुन्हा कंपाइल करावाच (चालवण्याजोग्या रूपात बदलावाच) लागतो.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती घोषणेची ओळ. स्विफ्टमध्ये मोजलेली प्रॉपर्टी ‘व्हार’नेच (बदलू शकणाऱ्या मूल्याचा शब्द) घोषित करावी लागते, ‘लेट’ (न बदलणाऱ्या मूल्याचा) चालत नाही. त्यामुळे ‘लेट’ दिसले की मूल्य पालटणार नाही, याची खात्री मिळते. कॉटलिन भाषेत मात्र ‘व्हॅल’लाही (ज्यात नवे मूल्य भरता येत नाही) स्वतःचा गेटर देता येतो, म्हणजे दोनदा वाचल्यास दोन उत्तरे येऊ शकतात. म्हणूनच अशा प्रॉपर्टीवर नल (मूल्यच नसणे) नसल्याची तपासणी करूनही कंपाइलर पुढच्या ओळीत तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मला स्विफ्टचा कडकपणा पटतो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. स्विफ्टच्या स्ट्रिंगचा (मजकुराचा) ‘काउंट’, म्हणजे त्यातील अक्षरांची संख्या, साध्या प्रॉपर्टीसारखा दिसतो, पण तो प्रत्येक वेळी सगळी अक्षरे चालून मोजतो, कारण वाचकाला दिसणारे अक्षर म्हणजे युनिकोड (लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारे मानक) मधील अनेक चिन्हांचा गट असतो. ‘क्षि’ या एका अक्षरात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे व यूटीएफ-८ (चिन्हे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये १२ बाइट आहेत. युनिकोडच्या जुन्या नियमाने त्याचे दोन गट पडत; २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकाच गटात धरले जाते. ही लांबी कोणी डेटाबेसमध्ये साठवली असती, तर नियम बदलल्यावर ती माझ्या थकबाकीसारखीच शिळी झाली असती. स्विफ्टच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, मोजलेल्या प्रॉपर्टीला स्थिर वेळेपेक्षा (मजकूर कितीही असला तरी सारखाच राहणाऱ्या वेळेपेक्षा) जास्त वेळ लागत असेल, तर तसे दस्तऐवजात नोंदवावे. कंपाइलर मात्र त्याची सक्ती करत नाही. त्यामुळे बिलावरची नावे तपासताना मी ‘काउंट’ लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) बाहेर एकदाच काढून घेतो.