निळा कागद, गुलाबी कागद

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि मनात पहिली मूर्ती उभी राहिली ती चित्रकलेच्या सरांची. नाव लिहायची गरज नाही. शनिवारी दुपारी चित्रपट दाखवायला सभागृहाचे काळे पडदे ओढणारे सर एकच होते.

गावातल्या फिल्म सोसायटीकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून १६ मिमी. रुंदीच्या फिल्मवरच्या प्रिंट (प्रती) येत. त्यातली एखादी सर एका दिवसापुरती शाळेसाठी मागून आणत. भुताखेतांचे, अचाट प्राण्यांचे चित्रपट मुलांना कशाला, असं काही पालक म्हणायचे. सरांचं उत्तर ठरलेलं असे : पडद्यावर नसलेली गोष्ट दिसायला लावण्याची विद्या याच चित्रपटांनी घडवली.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२ सालचा रक्तपिपासूचा मूकपट ‘नोस्फेराटू’ आला, तो शनिवार विसरता येत नाही. प्रिंट निव्वळ कृष्णधवल होती. मूळ चित्रपटात रात्रीचे प्रसंगही भर दिवसा चित्रित केलेले आहेत आणि नंतर फिल्म निळ्या रंगात बुडवून त्यांची रात्र केलेली आहे. तो रंग नसला की त्यातला रक्तपिपासू काउंट ऑर्लोक लख्ख उन्हात शवपेटी घेऊन हिंडताना दिसतो आणि सगळी भीती विरून जाते. सरांनी आदल्या रात्री प्रिंट पाहून प्रसंगांची यादी केली होती. स्नेहसंमेलनाच्या दिव्यांवर लावायचे रंगीत, पारदर्शक जिलेटिन कागद घेऊन ते प्रोजेक्टरपाशी उभे राहिले. रात्रीला निळा, दिवसाला पिवळसर, पहाटेला गुलाबी. कागद भिंगाच्या पुढे चार बोटं अंतरावर धरायचा. म्हणजे त्यावरचे चरे पडद्यावर उमटत नाहीत. दिव्याच्या बाजूला धरला तर उष्णतेने आक्रसतो. वेगाची कळ त्यांनी सेकंदाला १८ फ्रेमवर ठेवली होती. बोलपटाच्या २४ वर चालवलं तर दीड तासाचा चित्रपट ७० मिनिटांच्या आत उरकतो आणि माणसं तुरुतुरु पळायला लागतात.

शेवटी कोंबडा आरवतो, ऑर्लोक मान वळवतो. सरांनी निळा कागद काढून गुलाबी धरला आणि अख्ख्या सभागृहात पहाट झाली. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना या चित्रपटाची आहे. ज्या कादंबरीवरून तो घेतला, त्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो-फिरतो. कादंबरी परवानगीशिवाय वापरली म्हणून स्टोकरच्या पत्नीने केलेला दावा जिंकल्यावर सगळ्या प्रिंट नष्ट करण्याचा हुकूम झाला होता. काही वाचल्या, म्हणून शंभर वर्षांनंतर भयपटांतले रक्तपिपासू आजही त्या पहाटेला घाबरतात.

‘किंग काँग’च्या (१९३३) वेळी सरांनी काँगच्या केसांकडे बघायला सांगितलं. ट्रिकदृश्यकार विलिस ओब्रायनचा काँग, म्हणजे पडद्यावरचा तो अवाढव्य वानर, म्हणजे धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि सशाचं कातडं. उंची जेमतेम दीड फूट. एका सेकंदासाठी तो २४ वेळा किंचित हलवायचा आणि दर वेळी एकच फ्रेम टिपायची. हात लागला की केस विस्कटत, म्हणून पडद्यावर ते सतत सळसळताना दिसतात. चूकच ती, पण पाहणाऱ्याला काँग रागाने फुलल्यासारखा वाटतो. पुढच्या पिढ्यांचे कितीतरी ट्रिकदृश्यकार हा चित्रपट पाहूनच या कामाकडे वळले.

आज घरबसल्या सगळं मिळतं. पण कोणती प्रत पाहायची, हे सांगणारे सर मिळत नाहीत, याची हळहळ वाटते. म्हणून त्यांच्या शाळेतल्या आजच्या मुलांसाठी लिहितो. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) पाहाल तर २०१० साली पूर्ण झालेली, सुमारे अडीच तासांची प्रत पाहा. कापले गेलेले प्रसंग २००८ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या १६ मिमी.च्या प्रिंटमध्ये सापडले. ओरखड्यांनी भरलेला भाग दिसला की तो तिथलाच समजा. अणुचाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसी प्राण्याचा ‘गोझिला’ १९५४ चा जपानीच हवा, ९६ मिनिटांचा. अमेरिकेसाठी कापून १९५६ मध्ये काढलेल्या आवृत्तीत अणुचाचण्यांचं दुःख पातळ झालं आहे. गोझिला म्हणजे रबरी पोशाखातला माणूस; त्याचं चित्रण जास्त वेगाने केलं आणि नेहमीच्या वेगाने दाखवलं, म्हणून त्याची पावलं डोंगराएवढी जड वाटतात. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ मात्र २०७ मिनिटांचाच पाहा. गाव वाचवायला भाडोत्री लढवय्ये आणायचे, ही ‘शोले’ची वाट तिथूनच येते.

महोत्सवात सरांच्या स्मरणार्थ एक खेळ ठेवावा, ही विनंती. ‘नोस्फेराटू’ ठेवलात तर रंग पुन्हा दिलेली प्रत मागवा. आणि सभागृहाच्या पश्चिमेच्या दोन खिडक्यांना दुहेरी पडदा लावा. चारनंतर तिथून येणारं ऊन थेट पडद्यावर पडतं. सर तिथे वर्गातल्या सतरंज्या टांगत असत.