राणीच्या बागेतली पिंजऱ्याबाहेरची वटवाघळे

मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, बहुतेकांचे कॅमेरे पेंग्विनच्या दिशेने निघतात. माझा मात्र उंच झाडांच्या शेंड्यांना लटकलेल्या, कुणीही न पाळलेल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांकडे वळतो. मान वर करून मी तासभर उभा राहिलो, की एखादा रखवालदार हमखास सांगतो, "साहेब, पेंग्विन तिकडे आहेत."

पहिल्या दिवशीचे सगळे फोटो म्हणजे वाळत घातलेल्या काळ्या छत्र्या होत्या. मागचे आकाश लख्ख असल्यामुळे कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि प्राणी काळाठिक्कर पडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवले, तेव्हा आकाश पांढरेफटक झाले खरे. पण मानेवरची तांबूस लव, कोल्ह्यासारखे नाक आणि टपोरे डोळे प्रथमच दिसले. ही जात लहान वटवाघळांप्रमाणे आवाजाच्या प्रतिध्वनीवर विसंबत नाही. डोळे आणि नाक यांच्या भरवशावरच ती फळे शोधते.

माझ्या मते, यांचा खरा फोटो भर दुपारचा. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती एक पंख सैल सोडून संथपणे वारा घेतात आणि अंग चाटून ओले करतात. ऊन नेमके त्या पंखामागून आले, तर पातळ पडदा तांबूस उजळतो आणि त्यातली बोटांची लांब हाडे एकेक करून मोजता येतात.

उड्डाणाचे फोटो बाहेरच्या रस्त्यावरूनच घ्यावे लागतात, कारण मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो आणि बाग त्याआधीच बंद होते. तेव्हा पंख थिजवायला शटर सेकंदाच्या १/८०० इतके वेगवान ठेवले, की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ६४०० वर जातो आणि फोटोला दाणे येतात. ते मी चालवून घेतो, फ्लॅश मारत नाही.

टाळ्या वाजवून त्यांना उडवणाऱ्यांचा मात्र मला संताप येतो, कारण या दिवसांत कित्येक माद्यांच्या पोटाशी पिल्लू असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने यांना उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत बसवले होते. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेले, तरी दगड उचलणारा हात अजून दिसतो.

गेल्या मंगळवारी एका पंखाआडून पिल्लाचे डोके डोकावले आणि मी बटण दाबेपर्यंत मधे फांदी आली. बुधवारी बाग बंद असते, त्यामुळे गुरुवारी पुन्हा त्याच झाडाखाली.