कोअर, मेश आणि वाळूची भिंत

कोल्हापुरात राहून सीएफडीचे, म्हणजे द्रव किंवा वायूचा प्रवाह संगणकावर गणिताने सोडवण्याचे काम करणाऱ्याला आपला व्यवसाय समजावून सांगताना एक सोय आपोआप मिळते, ती म्हणजे समोरच्या माणसाला बहुधा फाउंड्री माहीत असते. गेल्या वर्षी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी बिडाच्या बेंडमधून, म्हणजे पाइपलाइन वळवणाऱ्या जोडातून, जाणाऱ्या पाण्याचे सिम्युलेशन केले, तेव्हा ही सोय विशेष जाणवली. बेंड १०० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, आणि ९० अंशांचा; पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर; आणि प्रश्न एकच, की या वळणावर दाब किती कमी होतो. हा प्रश्न कागदावर एका ओळीत लिहिता येईपर्यंत संगणक उघडू नये, असे माझे मत आहे, कारण मेश, म्हणजे गणितासाठी पाडलेले छोट्या तुकड्यांचे जाळे, किती बारीक लागेल, प्रवाहाचे कोणते गणिती मॉडेल पुरेल आणि कुठे थांबायचे, हे सगळे त्या ओळीवरूनच ठरते.

पहिली पायरी आकाराची. ग्राहकाकडून ड्रॉइंग येते ते धातूचे. आपल्याला मात्र धातू नको असतो, त्याच्या आतली पोकळी हवी असते, कारण पाणी तिथून वाहते. पडद्यावर बेंडचे कवच काढून टाकले आणि आतला भरीव वळसा तेवढा ठेवला, तेव्हा शेजारी उभे असलेले पॅटर्नचे मिस्त्री लगेच म्हणाले, "म्हंजे ह्यो आमचा कोअरच की, सायेब!" कोअर म्हणजे ओतलेल्या वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा भरीव आकार. याहून नेमकी व्याख्या मला आजवर सुचलेली नाही. साम्य इथेच संपत नाही. कोअर साच्यात नीट बसावा म्हणून त्याची टोके कास्टिंगच्या बाहेर वाढवलेली असतात, त्यांना कोअर प्रिंट म्हणतात; तसेच सिम्युलेशनमध्येही बेंडच्या दोन्ही बाजूंना सरळ पाइप वाढवावा लागतो. आधीच्या बाजूला व्यासाच्या पाचदहापट लांबी दिली की प्रवाह स्थिरावून वळणात शिरतो, आणि पुढच्या बाजूला त्याहून जास्त लांबी दिली की वळणात ढवळलेले पाणी सावरून बाहेर पडते. सुरुवातीच्या काळात मी वेळ वाचवण्यासाठी बेंड संपताच डोमेन, म्हणजे गणितात धरलेला भाग, कापत असे. मग आतल्या कडेला भिंतीपासून सुटलेला प्रवाह बाहेर जाण्याच्या तोंडातूनच उलटा आत येऊ लागे आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, गणिताच्या दर फेरीला इशारा देत राही.

दुसरी पायरी मेशची, आणि माझा निम्म्याहून अधिक वेळ हिच्यातच जातो. पोकळीचे लाखो छोट्या घनाकृती तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, विभाजन करायचे, आणि प्रत्येक सेलमध्ये किती पाणी आले, किती गेले, त्याच्यावर कोणते बल लागले, याचा हिशेब जुळवायचा. मधल्या भागात सेल मोठे चालतात. भिंतीजवळ मात्र चालत नाहीत, कारण भिंतीला लागून पाण्याचा वेग शून्य असतो आणि मिलिमीटरभर अंतरातच तो बराच वाढतो. या बेंडसाठी रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह किती खळबळता आहे हे सांगणारा आकडा, सुमारे २ लाख येतो. एवढ्या प्रवाहात भिंतीलगतचा अगदी पातळ थर थेट सोडवायचा, तर पहिल्या सेलचा मध्यबिंदू भिंतीपासून साधारण ०.०१ मिलिमीटरवर असावा लागतो. मी हौसेने तसाच मेश केला. सेलची संख्या भरमसाट वाढली, पण वाकडेतिकडे सेल जवळजवळ नव्हते आणि चित्रही देखणे दिसत होते.

पुढची तयारी मात्र लवकर आटोपली. पाणी, स्थिर प्रवाह, घनता बदलत नाही. एका तोंडाला वेग, दुसऱ्या तोंडाला शून्य गेज दाब (म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच दाब), भिंतीवर वेग शून्य. आणि टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीसाठी, १९९४ साली मेंटर यांनी मांडलेले के-ओमेगा एसएसटी मॉडेल, कारण वळणाच्या आतल्या बाजूला सुटणारा प्रवाह ते पुष्कळ बरा पकडते.

यानंतर गणित सॉल्व्हरचे. प्रवाहाची गती सांगणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांत एक मोठी अडचण अशी आहे, की घनता न बदलणाऱ्या प्रवाहात दाबासाठी स्वतंत्र समीकरणच मिळत नाही. वेग काढायला दाब हवा, आणि दाब बरोबर आहे की नाही हे तर वेगाचा ताळा जमल्यावरच कळते. यावर १९७२ साली सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी 'सिंपल' ही पद्धत दिली: दाबाचा अंदाज घ्या, त्यावरून वेग काढा, प्रत्येक सेलमध्ये आवक-जावक जुळते का पाहा, जुळत नसेल तर दाबात तेवढी दुरुस्ती करा, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, हे इथल्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते जरा सरसावून बसतात. फेऱ्या चालू असताना पडद्यावर रेसिड्यूअलच्या, म्हणजे समीकरणांत उरलेल्या तफावतीच्या, रेषा खाली उतरत जातात. त्या उतरल्या म्हणजे समीकरणे जुळली एवढेच कळते, समीकरणे योग्य होती की नाही ते कळत नाही. म्हणून मी त्यांच्याबरोबर दाबातला फरकही प्रत्येक फेरीला नोंदवतो, आणि तो आकडा हलायचा थांबल्यावरच गणित थांबवतो.

रात्रभर चाललेले गणित सकाळी पुरे झाले. वळणात पाणी बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते आणि भिंतीलगतचे मंद पाणी दोन्ही कडांनी आत परतते, ते दोन जुळे भोवरे स्पष्ट दिसत होते. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाला गाळ साचतो, त्यामागेही अशीच आडवी फिरकी असते. मेश आणखी दीडपट बारीक करून पाहिला, तर दाबातला फरक एक टक्काही हलला नाही. मी समाधानाने आकडा कळवला. कारखान्यातल्या चाचणीत दाबातला फरक मोजणाऱ्या मॅनोमीटरने मात्र त्याहून बराच मोठा आकडा दाखवला.

चूक माझी होती. मी भिंत काचेसारखी गुळगुळीत धरली होती, आणि हा बेंड तर वाळूच्या कोअरवर ओतलेला. बिडाच्या पाइपसाठी खडबडीतपणा साधारण ०.२६ मिलिमीटर धरतात. या व्यासाला आणि वेगाला तो धरला, तर सरळ पाइपचा घर्षण गुणांक सुमारे ०.०१६ वरून ०.०२६ वर जातो. शिवाय नुसता आकडा बदलून भागणारे नव्हते. ज्या भिंतीवरचे उंचवटेच पाव मिलिमीटरचे आहेत, तिथे ०.०१ मिलिमीटरवर पहिला सेल ठेवण्याला अर्थ उरत नाही. सगळा सेलच त्या उंचवट्यांत बुडतो. मेश टाकून दिला, पहिल्या सेलचा मध्य ०.४ मिलिमीटरवर नेला, भिंतीलगतचा थर थेट न सोडवता सूत्राने धरणारे, खडबडीतपणाही हिशेबात घेणारे वॉल फंक्शन लावले. नवा मेश जुन्यापेक्षा कितीतरी लहान झाला, लवकर सुटला, आणि त्याचा आकडा मॅनोमीटरच्या जवळ आला. दोन्हीकडून सरळ पाइपचा वाटा वजा करायला मात्र विसरायचे नाही, नाहीतर बेंडच्या नावावर पाइपचा तोटा चढतो.

रंगीत चित्रे मी शेवटी काढली. ग्राहकाला तीच सर्वांत आवडली. मिस्त्रींनी ती बाजूला सारली आणि खडबडीतपणाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "कोअरला वॉश अजून एक हात चांगला मारला, तर ह्यो आकडा खाली येतोय का?" वॉश म्हणजे कोअरचा पृष्ठभाग गुळगुळीत करणारा लेप. मी ०.२६ च्या जागी ०.१ घातले, आधीचे उत्तरच सुरुवात म्हणून दिले आणि गणित चालू केले. चहा येईपर्यंत दाबाची रेषा खाली उतरून पुन्हा आडवी झाली होती.